गोष्टीत ‘झालं’, नाटकात ‘होऊन राहिलं’

प्रश्न कुरखेडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमचा आहे. त्यांची चौथीची मुलं गॅदरिंगमध्ये कावळा-चिमणीची गोष्ट करणार आहेत, आणि तीच पुढे स्पर्धेलाही न्यायची आहे. स्पर्धेच्या फॉर्मवर एका रकान्यात ‘कथेचे नाट्यीकरण’ असं छापलं आहे आणि खाली ‘नाट्यरूपांतर’ असा दुसरा रकाना आहे. हे दोन्ही एकच की वेगळे? नाट्यीकरण म्हणजे नेमकं काय करायचं? एका मुलीनं गोष्ट वाचायची आणि बाकीच्यांनी हातवारे करायचे, असं केलं तर चालेल का? सोबत त्यांनी आपली तीन पानांची संहिताही पाठवली आहे.

मॅडम, तुमची तारीख जवळ आली असेल, म्हणून फॉर्मचं आधी सांगतो. नाट्यीकरण हे कामाचं नाव आहे. गोष्ट होती, तिचं नाटक केलं, ही सगळी क्रिया म्हणजे नाट्यीकरण. नाट्यरूपांतर हे त्या कामातून जो लेखी ऐवज तयार होतो त्याचं नाव, आणि त्याला धनी असतो. म्हणून हँडबिलावर ‘नाट्यरूपांतर’ या शब्दापुढे माणसाचं नाव येतं. ‘नाट्यीकरण : अमुक अमुक’ असं कुणी छापलंच तर चूक नाही, पण कानाला जरा सरकारी लागतं. तुम्ही वरच्या रकान्यात ‘लोककथेचे नाट्यीकरण’ लिहा, खालच्यात तुमचं नाव घाला आणि पुढे ‘व इयत्ता चौथीचे विद्यार्थी’ असं जोडा. ते जोडाच, कारण तुमच्या संहितेतली चांगली वाक्यं मुलांचीच दिसतात.

‘नाट्यीकरण’ लिहिताना ‘ट्यी’ दीर्घ काढा. माझ्या एका नाटकाच्या हँडबिलावर प्रेसवाल्यानं ऱ्हस्व छापलं होतं आणि मलाही तेव्हा कळलं नव्हतं. आमच्या गावचे निवृत्त संस्कृतचे गुरुजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “यातला च्वि कुठं गेला?” मी आधी तो छापखान्यातला कुणी पोरगा समजलो. च्वि हा पाणिनीच्या व्याकरणातला प्रत्यय. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं, असा त्याचा अर्थ. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं, म्हणून शुद्धीकरण. वेगवेगळे होते ते एक केले, म्हणून एकीकरण. गंमत अशी की हा प्रत्यय शब्दात दिसतच नाही. तो पूर्ण लोपतो, मात्र जाताना आधीच्या शब्दातल्या शेवटच्या ‘अ’ची ‘ई’ करून जातो. म्हणजे नाट्यीकरण या शब्दातच सांगून ठेवलं आहे की हातात आलं ते नाटक नव्हतं. तुमची कावळा-चिमणी नाटक नाही. ती नाटक करावी लागेल.

तेच हँडबिल वाचून पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “नाट्यीकरन म्हंजे बँकेचं झालतं तसं का जी? नाटक आता सरकारचं?” तेव्हापासून मी गावात ‘गोष्टीवरून नाटक’ असंच म्हणतो.

जवळपासचे आणखी शब्द आहेत, ते पटकन उरकतो. नुसतं ‘रूपांतर’ म्हटलं की मराठी नाटकवाल्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा परक्या भाषेतलं नाटक आपल्या मातीत आणणं येतं. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. लं.नी केलेली ‘ती फुलराणी’ हे रूपांतर. तिथे मूळचंच नाटक होतं, त्यामुळे नाट्यीकरण म्हणता येत नाही. अनुवादात वाक्याला वाक्य लावायचं असतं. ‘आधारित’ हा सैल शब्द, बीज घेतलं आणि बाकी आपलं. डी.एड.च्या पुस्तकांत ‘नाट्यीकरण पद्धती’ असते, ती शिकवण्याची रीत. धडा मुलांकडून करवून घ्यायचा, एवढाच तिचा हेतू. प्रेक्षक नसले तरी चालतात. तुमच्या फॉर्ममध्ये हा शब्द शाळेच्या वाटेनंच आला असणार.

आता खरा प्रश्न. तुमच्या संहितेच्या पहिल्या पानावर निवेदिका म्हणते, ‘एक होता कावळा आणि एक होती चिमणी. कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं. एके दिवशी खूप पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं.’ हे होईस्तोवर कावळा झालेला मुलगा हात हलवत उभा आहे. मॅडम, ही गोष्टच राहिली. फरक इतकाच, की आता ती उभ्यानं सांगितली जाते.

हे मी दुसऱ्याला सांगू शकतो, कारण हीच चूक मी चारशे माणसांपुढे केली आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, हे तुम्हाला सांगायला नको. माझं पहिलं नाट्यरूपांतर त्या हंगामातलं. एक दीर्घकथा मला फार आवडली होती, भाषा तर इतकी, की एकही वाक्य सोडवेना. मग एक सूत्रधार घातला आणि सगळी सुंदर वर्णनं त्याच्या तोंडी दिली. जंगल कसं होतं, पहाट कशी झाली, नायकाच्या मनात काय आलं. पडदा उघडून पंधरा मिनिटं झाली, सूत्रधार बोलतोच आहे. मागून तणसावर बसलेला एक माणूस ओरडला, “नाटक कवा सुरू व्हते जी?” लोक हसले नाहीत. त्यांनाही तेच विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी आमचे पेटीवाले मास्तर चहा पिता पिता म्हणाले, “भाऊ, तू सांगून राहिला. आमाले होऊन राहिलं पाहिजे.”

मास्तर चौथी शिकलेले. पण नाट्यीकरणाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नाही. गोष्ट ‘झालं’ या काळात चालते. राजा होता, पाऊस आला, घर वाहून गेलं. सगळं होऊन गेलेलं आहे आणि सांगणाऱ्याला शेवट ठाऊक आहे. नाटक मात्र आपल्या विदर्भातल्या ‘करून राहिला, जाऊन राहिला’ या काळात चालतं. आत्ता, या क्षणी, माझ्या डोळ्यांदेखत. आणि पुढे काय होईल ते त्या पात्रालाही ठाऊक नाही. पुण्या-मुंबईचे लोक आपल्या या ‘राहिला’ला हसतात. नाटक लिहिताना मला तो फार कामाला आला. संहितेतलं प्रत्येक वाक्य मी मनात ‘होऊन राहिलं’मध्ये म्हणून बघतो. म्हणता आलं तर ठेवतो.

याचा अर्थ सूत्रधार म्हणजे गुन्हा असा नाही. आपल्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांत सांगणारा, गाणारा असतोच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं त्यातही सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. पण तिथे सूत्रधार प्रसंगाला दार उघडून देतो. माझा सूत्रधार दारातच उभा होता. संस्कृत नाटकवाल्यांनी तर याची व्यवस्थाच लावून ठेवली होती. युद्ध, मरण, राज्य जाणं या गोष्टी अंकात दाखवायच्या नाहीत; त्या दोन अंकांच्या मध्ये दुय्यम पात्रांच्या बोलण्यातून कळवायच्या. त्या छोट्या जोडप्रवेशांना प्रवेशक, विष्कंभक अशी नावं आहेत. म्हणजे काय दाखवायचं आणि काय नुसतं कळवायचं, ही निवड नाट्यीकरणातली पहिली. पोलीस पाटलाच्या घरचा गडी आणि दूधवाला दोन मिनिटं बोलले की गावात काय झालं ते प्रेक्षकाला कळतं. तो आमचा विष्कंभकच.

आणि ‘आत्ता’ची ताकद किती असते पाहा. कीचकाची गोष्ट महाभारताच्या विराटपर्वात शेकडो वर्षं होती, कीर्तनकार सांगत होते, सरकारला त्याचं काही वाटलं नाही. खाडिलकरांनी १९०७ मध्ये तिचं ‘कीचकवध’ नाटक केलं आणि लोकांना समोरच्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. १९१० मध्ये इंग्रजांनी नाटकावर बंदी घातली. गोष्ट तीच होती. आता ती होऊन राहिली होती.

आता तुमच्या कावळ्याकडे. ‘घर वाहून गेलं’ हे निवेदिकेकडून काढून घ्या आणि कावळ्याच्या हातात द्या. कावळा आपली भिंत सारवून राहिला आहे, गाणं गुणगुणत, घरावर खूश. वरून एक थेंब पडतो. तो वर पाहतो आणि तिथे हातानं थापतो. “थोडीशी गळते. सकाळी सारवून घेईन.” दुसरा थेंब दुसरीकडे. तिकडे धावतो. थापायला हात लावतो तर भिंतीचा गोळाच हातात येतो. तो गोळ्याकडे पाहतो, मग आपल्याकडे पाहतो. एवढंच. कावळ्याचं घर वाहून गेलं हे आता कुणी सांगायची गरज नाही, आणि चौथीतल्या पोराला हे करायला फार मजा येते, कारण यात काम आहे. नुसतं उभं राहून हात हलवणं मोठ्या नटालाही जमत नाही.

पुढचा भाग तर गोष्टीतच आयता संवाद आहे. पण इथे एक गंमत आहे, ती नीट पाहा. आजी गोष्ट सांगते तेव्हा आपण कुठे असतो? चिमणीच्या घरात, उबेत. बाहेरून आवाज येतो, “चिऊताई चिऊताई, दार उघड,” आणि चिऊताई म्हणते, “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.” मग तीट लावते, मग जेऊ घालते, मग झोपवते. दर वेळी पोरं हसतात. तीच गोष्ट स्टेजवर आणली की दाराच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. इकडे बाळाची आंघोळ, तिकडे भिजून कुडकुडणारा कावळा. पहिल्या ‘थांब’ला लोक हसतील. दुसऱ्याला थोडे कमी. चौथ्या ‘थांब’ला एखादी आजी पुढच्या रांगेतून म्हणेल, “उघड ना माय आता!” तुम्ही एक शब्द बदललेला नाही आणि गोष्टीचा अर्थ फिरला. नाट्यीकरणात हे आपोआप होतं आणि लिहिणाऱ्याला ते आधी दिसलं पाहिजे, नाहीतर प्रयोगाच्या रात्री लोकच त्याला दाखवतात.

मी असतो तर इथे एकच वाक्य माझं घातलं असतं. आपल्या बोलीत, असं:

चिमणी : थांब ना दादा, बाळाले न्हाऊ घालून रायली.
(पावसाचा आवाज. कावळा पंख झटकतो.)
कावळा : चिऊताई...
चिमणी : थांब म्हन्लं ना! तीट लावून रायली.
बाळ : माय, भायेर कोन हाये?

यावर चिमणीनं काही बोलू नये. तिचा हात तिटेवरच थांबावा. ही गप्प बसलेली चिमणी गोष्टीत कुठेच नाही, कारण सांगणाऱ्याला गप्प बसता येत नाही. तो गप्प बसला की गोष्टच थांबते. नाटकाला ही सोय आहे. पुढचा शेवट घरोघरी वेगळा सांगतात, तुमच्या मुलांना त्यांच्या आजीकडून जो मिळाला आहे तोच ठेवा. मात्र तुमच्या संहितेत शेवटी निवेदिका ‘मुलांनो, यावरून आपल्याला काय कळते’ असं विचारते, ते काढा. बाळानं विचारलेल्या प्रश्नानंतर तो प्रश्न फार लहान वाटतो.

मनातल्या विचारांचं काय करायचं, असंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलं आहे. ‘त्याला फार वाईट वाटलं’ हे कसं दाखवायचं? एक अनुभव सांगतो. एका कथेत पोरीच्या लग्नासाठी बैल विकलेला शेतकरी होता. कथेतलं वाक्य असं काहीसं, की त्याला त्या रात्री झोप आली नाही. मी आधी त्याच्या तोंडी दीड पानाचं स्वगत लिहिलं, बैलाच्या उपकारांचं. तालमीत नट म्हणाला, “भाऊ, इतकं कोन बोलते रात्री एकटा?” खरं होतं. मग तो पहाटे उठतो, सवयीनं कवेत तणस घेतो, गोठ्यात जातो आणि रिकाम्या खुंट्यापाशी तणस टाकतो. टाकल्यावर त्याला आठवतं. मग वाकून ते तणस पुन्हा गोळा करतो, एक काडी न सोडता, कारण ते आता दुसऱ्याला विकायचं आहे. एक शब्द नाही. त्या रात्री पडदा ओढणारा पोरगाही पाहत राहिला आणि पडदा अर्धा मिनिट उशिरा पडला. मी त्याला रागावलो नाही.

एवढं केल्यावर मूळ लेखकाची सुंदर वाक्यं जातात. जाऊ द्यावी लागतात. तो च्वि प्रत्यय मला म्हणून आवडतो. स्वतः दिसत नाही, पण त्याच्यामुळे आधीचा शब्द जरा लांबतो.

आमच्या मंचाच्या काही गोष्टी तुम्हालाही लागू पडतील. माइक वरून टांगलेले असतील तर पात्राला त्यांच्याखाली येऊनच बोलावं लागतं. दारातून, कोपऱ्यातून, पाठ करून बोललेलं मागच्या बायकांना ऐकू जात नाही. तेव्हा चिमणीचं घर अगदी कडेला करू नका. दार मध्ये, एका माइकखाली कावळा, दुसऱ्याखाली चिमणी. दार खरं लागत नाही, दोन मुलं हात धरून उभी राहिली की झालं दार. आम्ही मोठ्या नाटकात मागचा वाडा उभा करायला वेळ मिळावा म्हणून पुढे ‘रस्त्या’चा पडदा सोडतो आणि त्यापुढे एक छोटा प्रवेश घालतो. कादंबरीवरून नाटक लिहिताना हे आधीच मोजावं लागतं, नाहीतर नायिका रडत बसलेली असताना मागे हातोडा वाजतो. गाण्यांचंही तसंच. रात्रभर बसलेल्या लोकांना पद हवं असतं. पण ते प्रसंग अडला की घालायचं, लेखक अडला की नव्हे. माझी बरीच पदं दुसऱ्या प्रकारची आहेत, कबूल.

परवानगीबद्दल थोडं. लोककथेला कुणी मालक नाही, तुम्ही निर्धास्त राहा. पण पुढच्या वर्षी एखाद्या लेखकाची कथा घेतली तर लक्षात ठेवा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचं नाटक करणं हे ‘रूपांतर’ धरलं आहे आणि तो हक्क लेखकाचा आहे. लेखक गेल्यानंतरही साठ वर्षं तो वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०१० संपल्यावर सगळ्यांना खुलं झालं. हयात लेखकाला सरळ पत्र लिहावं. मी लिहिलेल्या पत्रांपैकी दोघांनी मानधन मागितलं, बाकीच्यांनी प्रयोगाचं बोलावणं मागितलं. एकदा मात्र न विचारता केलं होतं, तरुण होतो; लेखकाच्या मुलानं फोन केला आणि शांतपणे विचारलं, “वडलांचं नाव तरी छापलंत का?” छापलं नव्हतं. तेव्हापासून मूळ कथाकाराचं नाव माझ्या नावाच्या वर आणि त्याच टायपात.

या शब्दाचा एक वाईट अर्थही फिरतो. टीव्हीवर गुन्ह्याच्या कार्यक्रमात कोपऱ्यात ‘नाट्य रूपांतर’ अशी पट्टी येते, म्हणजे दाखवतो ते खरं चित्रण नव्हे, नटांकडून करून घेतलं आहे. ती पट्टी प्रामाणिक आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण वर्तमानपत्रात ‘घटनेचे नाट्यीकरण केले’ असं छापतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की तिखटमीठ लावलं. गावात त्यालाच ‘डरामा’ म्हणतात. आमच्या कामाशी याचा संबंध उलटा आहे. रडण्याच्या जागी जोरात रडवणं म्हणजे नाट्यीकरण असं समजूनच बरीच नाटकं बिघडतात, आणि झाडीपट्टीत ती बिघडली तरी चालतात, म्हणून सुधारत नाहीत. तुमच्या कावळ्याला रडायला लावू नका. तो भिजला आहे, तेवढं पुरे.

तर तुमची निवेदिका. त्या मुलीचा आवाज चांगला असेल म्हणूनच तुम्ही तिला घेतलं असणार. तिला काढू नका, तिला पाऊस करा. एका सुपात दोन मुठी लाखोरीचे दाणे घेऊन तिला मंचाच्या पुढे, माइकजवळ बसवा. हळू घोळवले की भुरभुर, जोरात घोळवले की मुसळधार, आणि एकदम थांबवले की चिमणीच्या घरातली ती शांतता. कावळा कधी कुडकुडणार, बाळाचं वाक्य कधी येणार, हे सगळं मग तिच्या हातात राहील. दाणे आधी दोन दिवस उन्हात टाका, दमट लाखोरी वाजत नाही.